ऱ्हुमॅटॉइड संधिवात आणि चीनची मोक्सा चिकित्सा : परंपरा काय सांगते, पुरावे काय सांगतात

सांधा दुखू लागला की शेक द्यावा, हा उपाय जगातील जवळजवळ प्रत्येक समाजाला ठाऊक आहे. चीनमध्ये मात्र या घरगुती उपायाचे दोन हजार वर्षांहून अधिक काळात एका स्वतंत्र चिकित्सापद्धतीत रूपांतर झाले. वाळवलेल्या वनस्पतीचा लोकरीसारखा कापूस शरीराच्या ठरावीक बिंदूंवर किंवा त्यांच्याजवळ जाळून उष्णता देण्याच्या या पद्धतीला चिनी भाषेत 'जिऊ' म्हणतात. जगात ती मोक्सा चिकित्सा या नावाने ओळखली जाते. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात सांध्यांमध्ये निर्माण होणारा दाह या उष्णतेने कमी होतो, असा दावा केला जातो. या दाव्यात तथ्य किती, आणि रुग्णाने त्यावर कितपत विसंबून राहावे, हे समजून घेण्यासाठी आधी रोग आणि उपचार या दोहोंचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे.

रोगाचे स्वरूप

ऱ्हुमॅटॉइड संधिवात हा वयोमानानुसार सांधे झिजल्यामुळे होणाऱ्या विकाराहून वेगळा रोग आहे. शरीराचे रक्षण करणारी रोगप्रतिकारक यंत्रणाच या रोगात स्वतःच्या सांध्यांवर उलटते. सांध्याच्या आतील पातळ अस्तराला सूज येते, ते जाड होते आणि हळूहळू कूर्चा व हाड पोखरू लागते. हाताची बोटे, मनगटे आणि पायांचे छोटे सांधे बहुधा प्रथम ग्रासले जातात, आणि तेही दोन्ही बाजूंचे. सकाळी उठल्यावर तासाभराहून अधिक काळ सांधे आखडलेले राहणे, हे या रोगाचे ठळक लक्षण मानले जाते. फुप्फुसे, डोळे आणि हृदय यांवरही त्याचा परिणाम होऊ शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ साली जगभरात सुमारे १ कोटी ८० लाख लोक या रोगाने ग्रस्त होते. त्यांपैकी सुमारे ७० टक्के महिला होत्या.

या रोगात वेळेला विशेष महत्त्व आहे. सांध्याची हानी रोगाच्या पहिल्या काही महिन्यांतच सुरू होऊ शकते आणि एकदा झीज झालेले हाड पूर्ववत होत नाही. मेथोट्रेक्सेट या औषधाला अमेरिकेत या रोगासाठी १९८८ साली मान्यता मिळाली. दाह वाढविणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाला रोखणारी जैविक औषधे १९९८ पासून उपलब्ध होऊ लागली. या औषधांमुळे वेदना कमी होतात, आणि त्याचबरोबर हाडांची झीजही मंदावते. त्यामुळे कोणत्याही पर्यायी उपचाराचे मूल्यमापन करताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. पहिला प्रश्न, त्याने वेदना कमी होते काय? आणि दुसरा, त्याने सांध्याचा नाश थांबतो काय?

मोक्सा म्हणजे काय

या उपचारासाठी चीनमध्ये आर्टेमिसिया आर्गी या वनस्पतीची पाने वापरली जातात. महाराष्ट्रात देवाला वाहिला जाणारा सुगंधी दवणा हा याच आर्टेमिसिया प्रजातीतील आहे. पाने वाळवून, कुटून आणि चाळून त्यांतील तंतुमय भाग वेगळा केला जातो. हा मऊ, पिवळसर कापूस सावकाश आणि एकसारखा जळतो. जुना कापूस अधिक चांगला, अशी पारंपरिक धारणा आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील तत्त्ववेत्ता मेन्शियस याच्या ग्रंथातही तीन वर्षे मुरलेल्या या पानांचा दाखला येतो. हुबेई प्रांतातील छीचुन हा प्रदेश या वनस्पतीसाठी प्रसिद्ध आहे. १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या 'बेनसाओ गांगमू' या विख्यात औषधिकोशाचा कर्ता ली शिझेन हा याच प्रदेशातील होता.

'मोक्सा' हा शब्द मात्र चिनी नाही. या कापसाला जपानी भाषेत 'मोगुसा' म्हणतात आणि त्याचेच रूप युरोपीय भाषांत मोक्सा असे झाले.

येथे एक गैरसमज दूर करणे उचित ठरेल. चिनी संशोधक तू योयो यांना हिवतापावरील आर्टेमिसिनिन या औषधाच्या शोधासाठी २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ते औषध आर्टेमिसिया अ‍ॅनुआ या वेगळ्या जातीपासून मिळते. त्या शोधाचा आणि मोक्सा उपचाराच्या परिणामकारकतेचा परस्परसंबंध नाही.

उपचाराचे प्रकार

मोक्सा देण्याच्या अनेक पद्धती आहेत. थेट पद्धतीत कापसाचा लहानसा शंकू त्वचेवरच ठेवून पेटविला जातो. पूर्वी तो पूर्ण जळू देत. त्यामुळे फोड येई, पू होई आणि कायमचा व्रण राही; किंबहुना पू होणे हे उपचार लागू पडल्याचे चिन्ह समजले जाई. आता बहुतेक ठिकाणी चटका असह्य होण्याआधीच शंकू उचलला जातो.

अप्रत्यक्ष पद्धतीत त्वचा आणि शंकू यांच्यामध्ये आल्याची किंवा लसणाची चकती ठेवली जाते. बेंबीवर उपचार करताना मीठ पसरण्याची प्रथा आहे. सर्वाधिक प्रचलित पद्धत कांडीची होय. कागदात घट्ट गुंडाळलेल्या कापसाची कांडी पेटवून ती त्वचेपासून दोन ते तीन सेंटिमीटर अंतरावर धरतात. त्वचा लालसर होईपर्यंत, साधारणपणे १० ते १५ मिनिटे, हा शेक चालतो. काही वेळा शरीरात टोचलेल्या सुईच्या टोकाला कापूस लावून पेटविला जातो आणि सुईवाटे उष्णता आत पोहोचविली जाते.

संधिवातात दुखऱ्या सांध्याभोवतीच्या बिंदूंशिवाय गुडघ्याखालील 'त्सूसानली' आणि कमरेवरील 'शेनशू' हे बिंदू विशेष वापरले जातात. दुखणाऱ्या जागेपासून दूर असलेल्या बिंदूवर शेक देण्यामागे शरीरातून वाहणाऱ्या 'छी' या प्राणशक्तीच्या मार्गांची कल्पना आहे.

प्राचीन ग्रंथांतील आधार

हुनान प्रांतातील चांग्शा शहराजवळ मावांगदुई येथे १९७३ साली एका प्राचीन थडग्याचे उत्खनन झाले. ख्रिस्तपूर्व १६८ मध्ये बंद केलेल्या या थडग्यात रेशमी वस्त्रावर लिहिलेले वैद्यकीय ग्रंथ सापडले. त्यांत शरीरातील अकरा वाहिन्यांचे आणि त्यांवर मोक्सा देण्याचे वर्णन आहे; सुया टोचण्याचा उल्लेख मात्र नाही. त्यामुळे उष्णतेची ही चिकित्सा सूचिचिकित्सेहून जुनी असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. आजही चिनी भाषेत या दोन्ही पद्धतींसाठी 'झेनजिऊ', म्हणजे सुई आणि मोक्सा, असा एकच जोडशब्द वापरला जातो.

'हुआंगदी नेइजिंग' या चिनी वैद्यकाच्या मूलभूत ग्रंथात मोक्साचा उगम थंड, वाऱ्याच्या उत्तरेकडील प्रदेशात सांगितला आहे. याच ग्रंथात 'बी' नावाच्या विकारसमूहाचे विवेचन येते. वारा, थंडी आणि ओलावा एकत्र येऊन शरीरात शिरले की हा विकार होतो, असे त्यात म्हटले आहे. वाऱ्याचा जोर असेल तर वेदना जागा बदलते, थंडीचा असेल तर ती तीव्र होते आणि ओलाव्याचा असेल तर ती एकाच जागी जड होऊन बसते. आज ज्याला ऱ्हुमॅटॉइड संधिवात म्हटले जाते, त्याचे वर्गीकरण चिनी वैद्य या 'बी' विकारांत करतात. थंडी आणि ओलावा हे कारण, म्हणून उष्णता हा उपाय, असे या चिकित्सेमागील तर्कशास्त्र आहे.

मात्र याच परंपरेने मोक्साला मर्यादाही घालून दिली आहे. सांधा लाल, सुजलेला आणि हाताला गरम लागत असेल, तर त्या अवस्थेला 'उष्ण बी' म्हटले जाते आणि अशा वेळी मोक्सा टाळण्याचा पारंपरिक सल्ला आहे. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातील वैद्य झांग झोंगजिंग यानेही अग्निचिकित्सेच्या अयोग्य वापराविरुद्ध इशारा दिला होता.

या बाबतीत भारतीय परंपरेशी साम्य आढळते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निकर्मावर स्वतंत्र अध्याय आहे आणि पित्तप्रकृतीच्या व्यक्तीवर ते करू नये, असे त्यात सांगितले आहे. माधवनिदानात वर्णन केलेल्या आमवातावर आयुर्वेदात वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक दिला जातो.

चीनबाहेर प्रसार

युरोपला मोक्साची ओळख झाली ती सांधेदुखीच्याच निमित्ताने. बटाव्हिया, म्हणजे आजच्या जकार्ता येथे राहणारे डच धर्मोपदेशक हर्मान बुशॉफ यांना गाउटचा त्रास होता. मोक्साने तो बरा झाल्याचे सांगणारे त्यांचे पुस्तक १६७५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर डच वैद्य विलेम टेन ऱ्हेने यांचा संधिवातावरील लॅटिन ग्रंथ १६८३ मध्ये लंडन येथे छापला गेला आणि त्यातून युरोपला सूचिचिकित्सेचाही परिचय झाला. त्या काळी सांध्यांचे निरनिराळे रोग वेगळे ओळखले जात नव्हते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे नाव ब्रिटिश वैद्य आल्फ्रेड गॅरॉड यांनी १८५९ मध्ये रूढ केले.

खुद्द चीनमध्ये १८२२ साली सम्राटाच्या आदेशाने राजवैद्यकीय संस्थेतून सुई आणि मोक्सा चिकित्सा वगळण्यात आली. १९४९ नंतर तिला पुन्हा शासकीय आश्रय मिळाला. २०१० मध्ये युनेस्कोने तिचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. हा समावेश सांस्कृतिक परंपरेची नोंद आहे, वैद्यकीय परिणामकारकतेचे प्रमाणपत्र नव्हे.

भारतात ही चिकित्सा पोहोचली ती १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकाच्या एका सदस्यामार्फत. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच पथकात होते. १९४२ मध्ये त्यांचे चीनमध्येच निधन झाले. त्यांचे सहकारी डॉ. बिजयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये जाऊन सूचिचिकित्सेचे शिक्षण घेतले आणि १९५९ मध्ये कोलकाता येथे तिचा प्रारंभ केला. महाराष्ट्राने या उपचारपद्धतीच्या नियमनासाठी २०१५ चा अधिनियम केला, तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली.

विज्ञानाचे स्पष्टीकरण

मोक्साची उष्णता शरीरात नेमके काय करते, याविषयी संशोधन सुरू आहे. त्वचेतील मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचा ग्राहक असतो. तापमान सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की तो सक्रिय होतो आणि मेंदूकडे दाहक उष्णतेचा संदेश जातो. तिखट मिरचीमुळे आग होते तीही याच ग्राहकामुळे. या शोधाबद्दल अमेरिकेचे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. उष्णतेने रक्तपुरवठा वाढतो, स्नायूंचा ताठरपणा कमी होतो आणि एका संवेदनेमुळे दुसरी वेदना तात्पुरती दबली जाते. मोक्साने बरे वाटते, याचे बरेचसे स्पष्टीकरण एवढ्यावरही मिळू शकते.

दाह कमी होण्याचा दावा याहून पुढचा आहे. चीनमध्ये उंदरांच्या पायात रासायनिक द्रव्य टोचून कृत्रिम संधिवात निर्माण केला जातो आणि त्यानंतर त्यांना मोक्सा दिला जातो. अशा अनेक प्रयोगांत टीएनएफ आणि इंटरल्युकिन यांसारख्या दाहकारक प्रथिनांचे प्रमाण घटल्याचे नोंदविले गेले आहे. दूरच्या बिंदूचा परिणाम कसा होत असेल, याचा एक धागा २०२१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकातील संशोधनातून मिळाला. उंदराच्या मागच्या पायातील त्सूसानली बिंदूवर सौम्य विद्युतप्रवाह दिल्यास विशिष्ट मज्जातंतू, व्हेगस ही चेता आणि अधिवृक्क ग्रंथी या मार्गाने दाह कमी होतो, असे त्यात आढळले. तथापि, हा प्रयोग विजेचा होता, उष्णतेचा नव्हता. आणि तो उंदरांवरील होता. कृत्रिमरीत्या निर्माण केलेला उंदरातील संधिवात आणि माणसात वर्षानुवर्षे चालणारा रोग यांत मोठे अंतर आहे.

याउलट, सुजलेल्या सांध्याला उष्णता देण्यातील धोक्याकडे बोट दाखविणारे संशोधनही उपलब्ध आहे. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णांच्या सांध्यातील कूर्चा विरघळविणाऱ्या विकराचा अभ्यास करण्यात आला. तापमान ३३ अंशांवरून ३६ अंशांवर नेले असता या विकराच्या कार्याचा वेग सुमारे चौपट झाला. हा प्रयोग प्रयोगशाळेतील होता. पण गरम झालेल्या सांध्यावर मोक्सा नको, या पारंपरिक सल्ल्याशी त्याचा निष्कर्ष जुळतो.

रुग्णांवरील चाचण्या

चीनमध्ये ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णांवर मोक्साच्या अनेक चाचण्या झाल्या आहेत. बहुतेक चाचण्यांत एका गटाला केवळ औषधे आणि दुसऱ्या गटाला औषधांसोबत मोक्सा दिला जातो. दुसऱ्या गटाला अधिक लाभ झाल्याचे निष्कर्ष त्यांत वारंवार येतात.

परंतु या निष्कर्षांकडे सावधपणे पाहावे लागते. गोळीच्या चाचणीत रुग्णाला खरी गोळी मिळाली की बनावट, हे त्याच्यापासून लपविता येते. ऊब, धूर आणि गंध असलेल्या मोक्साच्या बाबतीत ते अतिशय कठीण असते. उपचार मिळत असल्याच्या जाणिवेनेच रुग्णाला बरे वाटू शकते. शिवाय, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवान येथून प्रसिद्ध झालेल्या सूचिचिकित्सेच्या सर्वच्या सर्व चाचण्या अनुकूल निष्कर्षाच्या असल्याचे आढळले होते. प्रतिकूल निष्कर्ष छापलेच जात नसावेत, अशी शंका त्यामुळे बळावली.

सांध्यांच्या विकारांवरील मोक्साच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा कोरिया आणि ब्रिटनमधील संशोधकांनी २०११ मध्ये घेतला. उपलब्ध चाचण्यांचा दर्जा कमी असल्याने मोक्सा परिणामकारक असल्याचा ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असे त्यांनी म्हटले. सर्वसाधारण शेकाविषयी कॉक्रेन या संस्थेने २००२ मध्ये घेतलेला आढावाही उद्बोधक आहे. गरम किंवा थंड शेकाने सांध्याची सूज आणि रोगाची तीव्रता यांच्या मोजमापांत लक्षणीय फरक पडत नाही, असे त्यात दिसले. वितळलेल्या मेणाचा शेक व्यायामासोबत दिल्यास हातांना अल्पकाळ लाभ होत असल्याचे मात्र आढळले.

अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत व्यायामाची ठाम शिफारस आहे. सूचिचिकित्सा आणि उष्ण-शीत शेक यांची शिफारस सशर्त आहे, आणि तीही मुख्य औषधोपचाराच्या जोडीला, त्याऐवजी नव्हे.

घ्यावयाची काळजी

मोक्साचा सर्वांत मोठा धोका भाजण्याचा आहे. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना चटका वेळेवर जाणवत नाही. दीर्घकाळ स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णांची त्वचा पातळ झालेली असते. संधिवाताची औषधे रोगप्रतिकारशक्ती कमी करतात, म्हणून साध्या फोडातूनही जंतुसंसर्ग होऊ शकतो. व्रण पाडणारी थेट पद्धत अशा रुग्णांनी टाळणेच योग्य. या रोगात फुप्फुसे बाधित होण्याची शक्यता असल्याने बंद खोलीतील धूरही अपायकारक ठरू शकतो. गर्भवती महिलांनी डॉक्टरांच्या सल्ल्याविना हा उपचार घेऊ नये. पेटती कांडी नीट न विझविल्यास आग लागण्याचा संभव असतो, हेही विसरता कामा नये.

याहून गंभीर धोका मात्र उष्णतेचा नसून विलंबाचा आहे. शेक घेतल्यावर वेदना कमी होते, आखडलेली बोटे मोकळी होतात आणि रोग आटोक्यात आल्याचा समज होतो. त्या काळात सांध्याच्या आत हाडाची झीज सुरूच राहू शकते. म्हणूनच सुधारणा केवळ वेदनेवरून न ठरविता सुजलेल्या सांध्यांची संख्या, रक्तातील ईएसआर आणि सीआरपी या दाहदर्शक चाचण्या आणि आवश्यकतेनुसार क्ष-किरण तपासणी यांच्या आधारे ठरविली जाते.

उपलब्ध माहितीचा विचार करता, रोग नियंत्रणात असताना, सांधे गरम आणि लाल नसताना, प्रशिक्षित व्यक्तीकडून आणि डॉक्टरांना कल्पना देऊन घेतलेला मोक्साचा शेक वेदना व ताठरपणा यांवर पूरक उपाय ठरू शकतो. माणसातील ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचा दाह त्याने थांबतो, हे मात्र अद्याप सिद्ध झालेले नाही. सकाळी बोटे आखडणे आणि छोट्या सांध्यांची सूज सहा आठवड्यांहून अधिक काळ टिकल्यास संधिवाततज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे, आणि सुरू असलेले औषध परस्पर बंद न करणे, या दोन गोष्टी कोणत्याही शेकापेक्षा अधिक महत्त्वाच्या आहेत.